उंबऱ्यावरची फुले

आज आषाढ शुद्ध एकादशी. पुराणे हिला शयनी एकादशी म्हणतात. क्षीरसागरात शेषशय्येवर भगवान श्रीविष्णू आज निद्राधीन होतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीस, म्हणजे प्रबोधिनीस, जागे होतात अशी श्रद्धा आहे. मधल्या चार मासांस चातुर्मास हे नाव. मौज अशी की, ज्या दिवशी क्षीरसागरातील देव निजतो, त्याच दिवशी आमच्या पंढरीतील देवास पाठ टेकावयासही उसंत नसते. यात्रेपूर्वीच देवाचा पलंग विधिपूर्वक काढून ठेवला जातो, रात्रंदिवस दर्शन चालू राहते, आणि यात्रा सरून प्रक्षाळपूजा होईपर्यंत पांडुरंग अखंड उभा असतो. या विरोधाचे निरूपण कीर्तनकार आपापल्या परीने करीत आले आहेत. आम्ही आज त्या वाटेने जात नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते या दोन एकादशींच्या मधल्या दिवसांविषयी, आणि ते दिवस मोजीत बसणाऱ्या माणसांविषयी.

आषाढ आणि दिवस मोजणे यांचा संबंध पुरातन आहे, आणि त्याचे कारण काव्यात नसून चिखलात आहे. पूर्वी पाऊस लागला की वाटा बंद होत. नद्यांना पूर येत, व्यापाऱ्यांचे तांडे जागच्या जागी थांबत, सैन्ये छावणीत बसत, संन्यासी एका गावी मुक्काम धरीत आणि बौद्ध भिक्षू वर्षावास करीत. घरधनी परमुलखात गेलेला असेल तर त्याने मृगाच्या सुमारास घरी पोचावे, अशी घरच्यांची अपेक्षा असे. तोवर जो आला नाही, तो आता वाटा वाळेपर्यंत येत नाही, हे उंबऱ्यात उभ्या असलेल्या स्त्रीस कोणी सांगावे लागत नसे. म्हणून आपल्याकडील विरहकाव्याचा आरंभ वसंतात कमी आणि आषाढात अधिक होतो. सोळाव्या शतकात मलिक मुहंमद जायसीने 'पद्मावत' लिहिले. त्यातील नागमती राणीचा बारमासा, म्हणजे बारा महिन्यांचे विरहवर्णन, सुरू होते तेही आषाढापासूनच. चैत्रापासून वर्ष मोजणारे पंचांग एक, आणि आषाढापासून वर्ष मोजणारे विरहाचे पंचांग दुसरे.

या दुसऱ्या पंचांगाचा मूळ ग्रंथ कोणता असे कोणी विचारले, तर आम्ही कालिदासाच्या 'मेघदूता'कडे बोट दाखवू. कथा सर्वांस ठाऊक आहे. कर्तव्यात कसूर केल्याबद्दल कुबेराने यक्षास वर्षभराच्या हद्दपारीचा शाप दिला. तो रामगिरीवर येऊन राहिला. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळील रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादिले आहे. रामटेकास आज कालिदासाचे स्मारक उभे आहे आणि १९९७ साली त्याच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालयही तेथे स्थापन झाले. पण आजच्या दिवशी आमचे लक्ष वेधते ते निराळ्याच गोष्टीकडे. यक्षाचा शाप संपतो कधी? कालिदासाने तेथे तिथीचे नाव घेतलेले नाही. शार्ङ्गपाणी विष्णू सर्पशय्येवरून उठतील तेव्हा, असे यक्ष सांगतो, आणि तोवरचे उरलेले चार महिने डोळे मिटून काढ असा निरोप पत्नीस धाडतो. म्हणजे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. जो चातुर्मास आमच्या आयाबाया कांदा-लसूण वर्ज्य करून पाळतात, तोच त्या यक्षपत्नीच्या विरहाचा शेवटचा चरण आहे. विठ्ठलाच्या दोन वाऱ्यांच्या मधे एका अलकेतल्या बाईचे वाट पाहणे मावले आहे, हे ध्यानी आले म्हणजे 'मेघदूत' आपल्या अगदी अंगणात येऊन उभे राहते.

पंडितांनी या चार महिन्यांचाही कीस पाडला. काव्याच्या आरंभी आषाढाच्या 'प्रथमदिवसे' मेघ दिसला असा पाठ आहे. काश्मीरचा जुना टीकाकार वल्लभदेव तेथे 'प्रशमदिवसे', म्हणजे आषाढ संपतानाच्या दिवशी, असा पाठ घेतो. मल्लिनाथ तो नाकारून 'प्रथमदिवसे' हाच उचलून धरतो. आता बोटे मोजावी. शुद्ध प्रतिपदेपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चार मास आणि दहा दिवस होतात. आपल्या अमान्त गणनेने आषाढाच्या अमावास्येपासून मोजले तर तीन मास आणि अकराच दिवस भरतात. उत्तरेच्या पौर्णिमान्त गणनेने गुरुपौर्णिमेस आषाढ संपतो, तेथून मोजले तर तीन मास सव्वीस दिवस. नेमके चार मास पाहिजे असतील तर मेघ आजच्याच तिथीला, एकादशीला, दिसावयास हवा होता! विद्वानांनी या दहा दिवसांसाठी शाई आटवली याचे आम्हांस हसू येत नाही. ज्याने कोणाची वाट पाहिली आहे त्याला दहा दिवस म्हणजे काय ते कळते. मात्र यक्षाच्या तोंडचा आकडा पंचांगकर्त्याचा नव्हे, हेही तितकेच खरे. धीर द्यावयाचा असतो तेव्हा माणूस वरचे दहा दिवस गिळतो.

यक्षाने शरीरावरही दिवस मोजलेले आहेत. काव्याच्या आरंभीच त्याच्या मनगटातून सोन्याचे कडे गळून पडलेले दिसते, इतका तो रोडावला आहे. तिकडे तिने विरहाच्या पहिल्या दिवशी फुलांची माळ टाकून केसांची एकच वेणी बांधली आहे. ती शापाच्या अंती यक्षानेच सोडावयाची. पण सर्वांत हृद्य चित्र आहे ते फुलांचे. उंबऱ्यावर वाहिलेली फुले ती जमिनीवर एकेक मांडते आणि उरलेले महिने मोजते, असे यक्ष मेघास सांगतो.

या फुलांवर आम्ही बरीच वर्षे निरूपण करीत आलो. एकदा चातुर्मासातील कीर्तन संपल्यावर मंडळी बुक्का लावून घेत होती, तेव्हा माळकरी वेषातील एक आजी पुढे आल्या. भाजीच्या टोपलीची चुंबळ अजून त्यांच्या हातात होती. म्हणाल्या, "महाराज, चार म्हैने तर बोटावर बी मावत्यात. तिला फुलं कशापायी लागली?"

मल्लिनाथाच्या टीकेत याचे उत्तर नाही. आजीही उत्तरासाठी थांबल्या नाहीत, एस. टी. गाठावयाची होती. आम्ही मात्र त्या प्रश्नापाशी थांबलो. खरेच, चार हा आकडा मोजावयास साधन लागत नाही. तो विसरण्याजोगाही नाही. मग ती मोजीत होती म्हणजे करीत काय होती?

उत्तर आम्हांस ग्रंथात सापडले नाही, आमच्या स्वयंपाकघरात सापडले. चातुर्मासात आमच्याकडील स्त्रिया लाखोली वाहतात. कोणी लक्ष तुळशीपत्रे, कोणी लक्ष फुले, कोणी लक्ष वाती. लाखाचा आकडा आणि हाती अदमासे एकशे अठरा दिवस, म्हणजे दररोज साडेआठशेच्या घरात मोजणी झाली पाहिजे. दुपारी जेवणे आटोपली की ताम्हन पुढे घेऊन बसावयाचे, शंभर झाले की एक सुपारी बाजूला ठेवावयाची. आमच्या मातोश्रींस आम्ही लहानपणी विचारीत असू, किती झाले? त्या म्हणत, मला नको विचारू, सुपाऱ्यांना विचार. मोजणीचे काम त्यांनी सुपाऱ्यांवर सोपवलेले होते. हात वातीवर होता आणि चित्त देवाच्या पायांशी. यक्षपत्नीच्या फुलांचेही तेच असले पाहिजे. चार आहेत हे तिला ठाऊक होते. फुले उचलून पुन्हा मांडण्यात दुपार सरत होती, आणि त्या दुपारीपुरता तो जवळ होता.

आणखी एक खोच आहे. यक्षपत्नी अशी फुले मांडीत असेल, हे आपणांस सांगतो कोण? यक्ष सांगतो. तो तर शेकडो योजने दूर. त्याने काही पाहिलेले नाही. ती पूजेत गुंतली असेल, नाही तर माझे चित्र काढीत असेल, नाही तर मैनेला विचारीत असेल, नाही तर फुलांनी महिने मोजीत असेल, असे तो एकामागून एक कल्पितो. म्हणजे अलकेत फुले मांडली गेली की नाही, देव जाणे. रामगिरीवर मात्र ती नक्की मांडली गेली. आपण मोजतो आहोत हे दुःख माणूस सोसतो, पण तिकडेही कोणी मोजीत आहे की नाही ही शंका त्यास सोसवत नाही. म्हणून तो तिच्या हातात फुले देतो.

द्वेषाचे गणित निराळे असते. विराटपर्वात पांडव प्रकट झाले, तेव्हा तेरा वर्षे भरली नाहीत असा दुर्योधनाचा दावा होता. भीष्मांनी हिशेब केला की दर पाच वर्षांत दोन अधिकमास येतात, त्या मानाने तेरा वर्षांत पाच महिने आणि बारा रात्री जास्तच झाल्या आहेत. हिशेब बिनतोड होता आणि त्याने युद्ध टळले नाही. उलट भरताकडे पाहावे. चौदा वर्षे पुरी होऊन दुसऱ्या दिवशी तू दिसला नाहीस तर अग्निप्रवेश करीन, असे त्याने चित्रकूटावर रामास बजावले आणि तो नंदिग्रामी पादुकांपाशी बसला. त्याने अधिकमासाची गोष्ट काढली नाही. रामानेही काढली नाही. वनवास पुरा होताच पंचमीला राम भरद्वाजाश्रमात पोचला आणि पहिले काम त्याने काय केले, तर हनुमंतास भरताकडे पुढे धाडले. एकेका दिवसाचे मोल दोघांनाही माहीत होते. अशोकवनातील सीतेचे मोजणे याहून भयंकर. रावणाने दिलेल्या बारा महिन्यांपैकी दहावा चालू आहे, दोन उरले आहेत, असे ती हनुमंतास सांगते, आणि एक महिन्यापलीकडे मी जगणार नाही असेही बजावते. तेच दिवस, तीच बोटे, पण तिचे मोजणे एकाच वेळी भेटीकडेही चालले आहे आणि मृत्यूकडेही.

गोपींपाशी तर महिनेही नाहीत. भागवताच्या तृतीय स्कंधात कालाची मापे दिली आहेत, त्यांत त्रुटी नावाचे एक आहे. शंभर त्रुटींचा एक वेध, तीन वेधांचा एक लव, तीन लवांचा एक निमेष. म्हणजे पापणी लवते तेवढ्यात नऊशे त्रुटी निघून जातात. श्रीकृष्ण दिवसा वनात गेला की आम्हांस एकेक त्रुटी युगासारखी होते, असे गोपी म्हणतात. आणि एकादश स्कंधात स्वतः भगवान उद्धवास सांगतात की माझ्यासह घालवलेल्या रात्री त्यांना अर्ध्या क्षणासारख्या गेल्या, मी नसताना त्याच कल्पासारख्या झाल्या. हा हिशेब देवानेही मनात ठेवला होता, एवढेच येथे नोंदवून पुढे जातो.

आमच्या मते या सर्व प्रकरणातील खरा मुद्दा अलंकारशास्त्राने ओळखला आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे विरहाच्या शृंगाराचे, चार प्रकार सांगितले : पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण. चौथ्यापाशी तो एक सीमारेषा ओढतो. दोघांपैकी एक परलोकी गेला आणि तरीही पुन्हा भेटीची आशा असली, तर तो विप्रलंभ. आशा नसली, तर तो शृंगार नव्हे, निव्वळ करुण रस. उदाहरण 'कादंबरी'तील महाश्वेतेचे. पुंडरीक गतप्राण झाला तोवर करुण. मग आकाशवाणी झाली की त्याची भेट पुन्हा होईल, आणि त्या क्षणापासून तोच विलाप शृंगारात जमा झाला. अश्रू तेच, अरण्य तेच. मधे फक्त एक आशा आली. ज्याच्या दुःखास अवधी आहे तो विरही, आणि ज्याच्या दुःखास अवधी नाही तो एकाकी, असे हे शास्त्र साध्या मराठीत सांगता येईल.

पूर्वी अवधी कळावयासही जोश्याकडे जावे लागे. पंचांग असे त्याच्या दप्तरात, आणि सासुरवाशिणीने दिवाळीला किती दिवस उरले हे विचारावयाचे तरी कोणास? १९७३ साली जयंतराव साळगावकर यांनी 'कालनिर्णय' काढले आणि तिथिवार, एकादशी, संकष्टी घरोघर भिंतीवर आले. धर्मकृत्यांची सोय झाली हे तर खरेच, पण आम्ही ज्या ज्या घरी पाद्यपूजेस जातो तेथे त्या पानावरचा हस्तलेखही वाचतो. दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, पोरांच्या फीचा दिवस. आणि मधेच एखाद्या चौकोनाला केलेले गोल. त्या गोलाविषयी आम्ही विचारीत नाही. बहुधा गृहिणीच सांगते.

आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षक दांपत्य आहे. मुलगा अमेरिकेत. तो येणार हे निश्चित झाले की बाई दिनदर्शिकेच्या चौकोनांत उलटे आकडे लिहू लागतात : पंचेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस. आता कोणी म्हणेल, यात काय मोठेसे, रोज रात्री तो मुलगा दूरध्वनीच्या पडद्यावर दिसतो, बोलतो, नातीस नाचवून दाखवतो. पूर्वी परदेशचे पत्र यावयास आठवडे लागत, त्या मानाने हा विरहच नव्हे. आम्हांस तसे वाटत नाही. रोज दिसणाऱ्या मुलाला आई विचारते, "कधी येतोस रे?" आणि तो म्हणतो, "बघू." बघू या शब्दाला चौकोनात लिहिता येत नाही. ज्या वर्षी 'बघू' असते त्या वर्षी त्या भिंतीवर फक्त दुधाचे खाडे असतात. आम्ही त्या मुलास दोष देत नाही. रजा, तिकीट, शाळा, त्याच्याही गळ्याला फास आहेत. पण वाचकांत असे कोणी परदेशस्थ पुत्र असतील, तर त्यांस एक विनंती. यावयास जमेल तेव्हा यावे, पण आईस तारीख द्यावी. दूरची चालेल.

तुकोबारायांनाही एका वर्षी आजारपणामुळे वारी घडली नाही. त्यांनी पंढरीस निघालेल्या संतांच्या हाती पांडुरंगास पत्र पाठवले. ते पत्रिकेचे अभंग गाथेत आहेत, आणि वारकरी परत येईतो महाराजांनी त्यांची जी वाट पाहिली तिचेही अभंग आहेत. देहूपासून पंढरपूर, यात्रेचे मुक्काम, आणि पुन्हा देहू. तुकोबांनी हे मुक्काम मनातल्या मनात किती वेळा चालून मोजले असतील! माउलींच्या विरहिणीत कावळ्याच्या ओरडण्यावरून पाहुण्याची चाहूल घेतली जाते. तुकोबांना कावळ्यावर विसंबावयाचे कारण नव्हते. वारकऱ्यांची तिथी ठरलेली होती.

या तिथीवर आमच्या गावातील पुष्कळ माणसे जगतात, आणि हे बाहेरच्यांस सहसा ठाऊक नसते. बाहेरच्यांस वाटते, वारकरी पंढरीची वाट पाहतो. पंढरी वारकऱ्याची वाट पाहते हे येथे राहिल्याखेरीज कळत नाही. देवळाच्या मागच्या बाजूस एक विधुर गृहस्थ राहतात. मूलबाळ नाही. चार खणांचा वाडा, त्यातील एक खोली वापरात. त्यांच्याकडे नगरकडची एक दिंडी पिढ्यान्‌पिढ्या उतरते. आषाढ शुद्ध दशमीला पन्नास-साठ माणसे वाड्यात शिरतात, चुली पेटतात, ओसरीवर हरिपाठ होतो, कोणाची तरी लहान पोर या गृहस्थांचा चष्मा घालून हिंडते. पौर्णिमेच्या काल्यापर्यंत हा संसार. गुढीपाडव्याला नवी दिनदर्शिका घ्यावी तशी हे गृहस्थ ज्येष्ठात घागरी कल्हई करून घेतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघाली की ते रोजचा मुक्काम पाटीवर लिहितात. त्यांना विरह कोणाचा? नाते नाही, गोत नाही. तरी विश्वनाथाच्या व्याख्येने ते एकाकी नव्हेत, कारण त्यांच्यापाशी तिथी आहे.

२०२० साली ती तिथी आली आणि माणसे आली नाहीत. महामारीमुळे त्या वर्षी आणि २०२१ सालीही पायी वारी झाली नाही. मानाच्या पादुका एस. टी. बसने आल्या आणि मोजक्या मंडळींच्या उपस्थितीत सोहळा झाला. चंद्रभागेचे वाळवंट आषाढीला मोकळे पडलेले आम्ही पाहिले. त्या गृहस्थांनी दशमीला घागरी भरून ठेवल्या होत्या. सायंकाळी स्वतःच रिकाम्या केल्या, तुळशींना घातल्या.

आमच्याही वाड्यात एक दिंडी उतरते, परभणीकडील. तीत एक वृद्ध शेतकरी येत असत. ओसरीच्या कोपऱ्यातील सागवानी खांबावर ते दर आषाढीस अडकित्त्याच्या टोकाने एक रेघ ओढीत. पहिली १९८९ सालची, शेवटची २०१९ सालची, एकूण एकतीस. २०२२ साली वारी पुन्हा सुरू झाली तेव्हा दिंडी आली, ते आले नाहीत. आदल्या वर्षीच्या वैशाखात ते गेले होते. त्यांची पत्नी मात्र आली. सायंकाळी ती खांबापाशी बसून रेघांवरून बोट फिरवीत होती. आम्हांस पाहून तिने पदर सावरला आणि विचारले, "महाराज, दोन वर्सं वारी झाली नाही. ती धरायची का सोडायची?"

आम्ही शास्त्राने उत्तर द्यावयास आरंभ केला. तिथी चुकत नाही, वारी चुकली तरी एकादशी घडते, मानसपूजेस अडथळा नाही, इत्यादी. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग ती सांगू लागली, "पहिल्या साली ते होते. उपास केला, अंगणात इकडं तोंड करून बसले, रातभर भजन म्हणले. दुसऱ्या साली नव्हते." एवढे बोलून तिने आमच्याकडे अडकित्ता मागितला आणि एकतिसावीच्या शेजारी एक रेघ ओढली. बत्तीस. पुढे काही नाही.

"तुमची या वर्षीची?" आम्ही विचारले.

"माझी कुठं होती," ती म्हणाली. "मी त्यांच्यासंगं येत होते."

ती त्यानंतरही येत आहे. खांबावर रेघ वाढलेली नाही. मोजणे तिने सोडले आहे आणि येणे सोडलेले नाही. विश्वनाथाच्या सीमारेषेच्या कोणत्या बाजूस तिला बसवावे, हे आम्हांस अद्याप ठरवता आलेले नाही. वाड्याला तेलपाणी केले त्या वेळी सुताराने तो खांब तासून गुळगुळीत करतो म्हणून सांगितले, तेव्हा तेवढा तसाच ठेवावयास आम्ही बजावले.

आज एकादशीचा दिवस गर्दीत निघून जाईल. नगरप्रदक्षिणा होतील, रात्री जागर होईल, उद्या द्वादशीचे पारणे. पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाला की दिंड्या परतीस लागतील. चंद्रभागेवरील राहुट्या उठतील, नंतर प्रक्षाळपूजा होईल, देवाचा शिणवटा काढण्यासाठी अभ्यंग होईल आणि पलंग पुन्हा शेजघरात येईल. संकल्पात आपण अठ्ठाविसाव्या युगाचा उच्चार करतो आणि देवही अठ्ठावीस युगे उभा आहे असे म्हणतो. त्या मानाने कार्तिकी अगदी जवळ आहे. २०२४ साली १७ जुलैपासून १२ नोव्हेंबरपर्यंत एकशे अठरा दिवस होते. २०२३ साली मात्र अधिक श्रावण पडला आणि २९ जूनपासून २३ नोव्हेंबरपर्यंत तब्बल एकशे सत्तेचाळीस दिवस झाले.

त्या वर्षी काल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही देवळामागील त्या गृहस्थांकडे गेलो होतो. ओसरी झाडून झाली होती, उसनी आणलेली पातेली दारात लावून ठेवली होती. त्यांनी चहा ठेवला आणि विचारले, "शास्त्रीबुवा, कार्तिकीला दिवस किती हो?" दिनदर्शिका त्यांच्या पाठीमागेच टांगलेली होती. आम्ही सांगितले, अधिकमासामुळे एक महिना वाढला आहे. त्यांनी मान हलवली. चहा गाळून आमच्या हाती दिला आणि पुन्हा विचारले, "म्हणजे दिवस किती?"